पत्र्याच्या डब्यातल्या निगेटिव्ह
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आज आपण कर्जाचा हप्ता, शिलाई मशीन किंवा पापडाचं पॅकिंग यांबद्दल बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते जुन्या कॅमेऱ्याबद्दल. रोल घालायचा, खटका दाबायचा आणि फोटो धुऊन येईपर्यंत वाट बघायची, त्या कॅमेऱ्याबद्दल. आणि त्या कॅमेऱ्याने आम्ही पुण्यातली जुनी चर्च आणि एक जुनी बाग कशी टिपली, त्याबद्दल.

तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांना हे कुठून सुचलं? आम्हाला ते सुचलं भंगारवाल्यामुळे.

आमचा गट पिंपरीतल्या संत तुकाराम नगरमधला. गटात आम्ही बाराजणी. त्यात सगळ्यांत वडीलधाऱ्या आमच्या आजी. एका महिन्याच्या बैठकीला त्या पिशवीत एक काळा कॅमेरा आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आल्या. "भंगारवाला दोन्हीचे मिळून पन्नास रुपये देतोय. देऊ का गं?" कॅमेरा त्यांच्या यजमानांचा. ते कारखान्यात होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. डबा उघडला तर आत काळपट, पारदर्शक तुकडे. आमच्यातल्या एकीने त्यातला एक उचलून खिडकीच्या उजेडात धरला. चौकोनी तुकडा, तीन बोटांएवढा. त्यात एक बाई झाडाखाली बसलेली. चेहरा काळा, केस पांढरे, साडीचे काठ उलटे. आजींनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, "ही मीच की!"

तो फोटो काढल्याचं आजींना आठवत होतं. पण रोल धुऊन आणला आणि त्याच महिन्यात घरात आजारपण निघालं. फोटो छापायला पैसे उरले नाहीत. पुढे संसाराच्या धबडग्यात ते राहूनच गेलं. म्हणजे आपला तरुणपणचा फोटो आजींनी कधी बघितलाच नव्हता. तो इतकी वर्षं डब्यात पडून होता आणि पन्नास रुपयांत जाणार होता.

त्या दिवशी कॅमेरा विकला नाही. उलट आम्ही ठरवलं, हा कॅमेरा चालतो का बघू, आणि चालत असेल तर शिकू. एक गोष्ट आधीच सांगतो. बचतीच्या पैशाला आम्ही हात लावला नाही. प्रत्येकीने वेगळे दोनशे रुपये काढले. बारा जणींचे चोवीसशे. त्यात दोन रोल आणि ते धुण्याचा खर्च बसला. हौसेचा हिशेब वेगळा ठेवायचा, हा आमचा ठराव आहे.

आता हा रोल काम कसा करतो, ते सोप्या शब्दांत सांगतो. फिल्म म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पट्टी. तिच्यावर जिलेटिनचा थर असतो आणि त्या थरात चांदीच्या क्षाराचे अगदी बारीक कण असतात. हो, दागिन्यातली चांदी, तीच. खटका दाबला की क्षणभर उजेड आत येतो आणि या कणांवर पडतो. बघायला गेलं तर काहीच बदललेलं दिसत नाही. दुधाला विरजण लावल्यावर लगेच कुठे काय दिसतं? पण आत काम सुरू झालेलं असतं. फिल्म अंधारात एका रसायनात बुडवली की जिथे उजेड पडला होता तिथल्या कणांची काळी चांदी होते. मग दुसऱ्या रसायनाने, ज्याला फोटोवाले हायपो म्हणतात, उरलेला क्षार निघून जातो. म्हणून निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. पांढरी भिंत काळी आणि काळे केस पांढरे. कागदावर छापताना पुन्हा उलटं होतं आणि चित्र सरळ दिसतं. रंगीत रोलमध्ये या चांदीच्या जागी शेवटी रंग राहतात, पण सुरुवात तशीच.

आजींचा कॅमेरा निघाला आग्फा क्लिक थ्री. हा कॅमेरा आपल्याकडे बडोद्याला बनत असे आणि एके काळी मध्यमवर्गीय घरांत तो सर्रास दिसायचा. त्यात फारसं काही लावायचं नसतं. एक खूण उन्हाची, एक ढगाळ हवेची. त्याला रुंद रोल लागतो आणि एका रोलवर फक्त बारा चौकोनी फोटो येतात. पाठीमागे एक छोटी लाल खिडकी असते. फोटो काढला की बाजूचं बटण फिरवायचं आणि खिडकीत पुढचा आकडा दिसला की थांबायचं. बारा फोटो आणि आम्ही बाराजणी. वाटणी आपोआप झाली.

दुसरा कॅमेरा एका ताईंच्या भावाने वापरायला दिला. याशिकाचा, सगळं हाताने लावायचा. त्याला साधा पस्तीस मिलिमीटरचा रोल लागतो, त्यावर छत्तीस फोटो. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला तीन.

हाताने लावायचं म्हणजे तीन गोष्टी. एक, भिंगामागचं भोक किती उघडायचं. दोन, खटका किती वेळ उघडा ठेवायचा. तीन, अंतर. पाणी भरण्यासारखंच आहे. तोटी मोठी सोडली तर हंडा लवकर भरतो, बारीक सोडली तर वेळ लागतो. फिल्मला लागणारा उजेड म्हणजे तो हंडा. भोकाचे आकडे मात्र उलटे असतात. १६ म्हणजे भोक लहान आणि २.८ म्हणजे मोठं. रोलच्या डबीवर १००, २०० किंवा ४०० असा आकडा असतो. आकडा जितका मोठा तितका त्या फिल्मला उजेड कमी पुरतो. जुन्या फोटोवाल्यांचा एक नियम आम्ही पाठ केला. लख्ख ऊन असेल तर भोक १६ वर ठेवायचं आणि खटक्याचा वेग रोलच्या आकड्याजवळचा ठेवायचा. २०० चा रोल असेल तर कॅमेऱ्यावरचा सर्वांत जवळचा वेग २५०. म्हणजे सेकंदाचा अडीचशेवा भाग. ढग आले की भोक ८ वर आणायचं. मोकळ्या सावलीत ५.६ किंवा ४. एवढ्यावर उजेड मोजायच्या यंत्राशिवाय काम भागतं.

आता कुठे गेलो ते सांगतो. संत तुकाराम नगरच्या मेट्रो स्थानकातून मंडईला थेट गाडी जाते. मंडईला उतरून आम्ही गुरुवार पेठेत गेलो, पंचहौद चर्चला. १८८५ सालची ही दगडी इमारत आणि बाजूला उंच घंटाघर. पेठेच्या दाटीत मान वर करून बघावं लागतं.

हे चर्च आम्ही निवडलं ते एका चहासाठी. १८९० साली गोपाळराव जोशींनी पुण्यातल्या नामवंत मंडळींना पंचहौद मिशनमध्ये बोलावलं. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले अशी मंडळी होती. तिथे चहा आणि बिस्किटं आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता हात लावला. नंतर ही नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि पुण्यात गदारोळ उठला. मिशनऱ्यांच्या घरचा चहा प्यायला म्हणजे धर्म बुडाला, प्रायश्चित्त घ्या, असं प्रकरण दोन वर्षं चाललं. त्याचा त्रास घरातल्या बायकांना किती झाला, ते रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात वाचायला मिळतं. आमच्यातल्या एक काकू ऐकून म्हणाल्या, "एका कपासाठी एवढं? आणि आपण गटात रोज एकमेकींच्या हातचा चहा पितो." काकूंच्या बोलण्यावर आम्ही हसलो खरं, पण गट सुरू केला तेव्हा आमच्यातही कोणाच्या घरी पाणी प्यायचं याची कुजबुज झाली होती, हे आम्हाला विसरता येत नाही.

हे गोपाळराव म्हणजे आनंदीबाई जोशींचे यजमान. आनंदीबाई अमेरिकेत डॉक्टरी शिकल्या, १८८६ साली पदवी घेतली आणि १८८७ साली, बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, वारल्या. त्यांचा १८८५ सालचा एक फोटो आहे. आनंदीबाई साडीत, शेजारी जपानची एक विद्यार्थिनी किमोनोमध्ये आणि सीरियाची एक तिच्या पोशाखात. तिघीही डॉक्टरी शिकणाऱ्या. तो फोटो कोणीतरी काढला आणि कोणीतरी जपला, म्हणून आज शाळेतल्या मुलीला आनंदीबाई कशा दिसायच्या ते दिसतं. त्या काळी घराघरांत अशा कितीतरी हुशार बायका असतील. त्यांचा चेहरा कुठे आहे? म्हणून फोटो ही नुसती हौस नाही, असं आम्हाला वाटतं.

पंचहौदहून आम्ही रिक्षाने कॅम्पात सेंट मेरी चर्चला गेलो. ते याहून जुनं, १८२५ सालचं. म्हणजे पेशवाई संपून सातच वर्षं झाली होती. पण पुण्यात चर्च फक्त इंग्रजांमुळे आलं असंही नाही. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चसाठी जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिली होती, १७९२ साली. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते, त्यांना प्रार्थनेला जागा हवी होती. हे ऐकून आम्हाला नवल वाटलं आणि बरंही वाटलं.

चर्चमध्ये जाताना काय पाळायचं, तेही सांगतो. आपल्या देवळात कोणी आरती चालू असताना मध्ये उभं राहून फोटो काढले तर आपल्याला आवडेल का? तसंच तिथे. आधी कार्यालयात विचारायचं. नाही म्हणाले तर बाहेरून काढायचा. प्रार्थना चालू असेल तर थांबायचं. फ्लॅश मारायचा नाही आणि प्रार्थना करणाऱ्या माणसाच्या तोंडावर कॅमेरा धरायचा नाही. कॅम्पात लष्कराची हद्द आहे. फोटो काढण्यास मनाई अशी पाटी दिसली की कॅमेरा पिशवीत.

चर्चचा फोटो काढताना दोन अडचणी येतात. पहिली उंचीची. घंटाघर पूर्ण बसावं म्हणून कॅमेरा वर केला की मनोरा मागे कलंडल्यासारखा दिसतो. उपाय एकच, मागे जायचं. रस्त्याच्या पलीकडून कॅमेरा सरळ धरून काढला की मनोरा सरळ येतो. नाहीतर पूर्ण मनोऱ्याचा नाद सोडायचा आणि दार, कमान, दगडावरची नक्षी असं एक काहीतरी घ्यायचं. दुसरी अडचण अंधाराची. आत रंगीत काचांमधून आलेला उजेड डोळ्यांना भरपूर वाटतो, पण फिल्मला तो कमी पडतो. खटका जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो आणि तेवढ्यात हात हलला की फोटो पुसट. आम्ही कॅमेरा बाकाच्या पाठीवर घट्ट टेकवला, श्वास रोखला आणि मग खटका दाबला.

आता आमची फजिती ऐका. छत्तीस फोटो झाले. आकडा छत्तीसवर गेला तरी पट्टी पुढे सरकतच होती. सदतीस, अडतीस, चाळीस! आम्ही खूश, रोल मोठा निघाला म्हणून. फोटोच्या दुकानात गेलो. त्या दादांनी अंधाऱ्या खोलीत कॅमेरा उघडला आणि बाहेर येऊन आम्हाला रोल दाखवला. फिल्मची जीभ तशीच बाहेर होती. घालताना ती दातऱ्यांत अडकलीच नव्हती. दिवसभर आम्ही रिकामा खटका दाबत होतो.

कोणी बोलेना. रोल घातला होता आम्हीच, म्हणजे या गटाच्या सहयोगिनींनी, घाईघाईत, मेट्रोच्या बाकावर. कोणी दोष दिला नाही, पण चेहरे दिसत होते. एकीने दिवसाचा रोज बुडवला होता. एकीने सासूला खोटं सांगितलं होतं की बँकेत जायचंय. दुकानदार दादा म्हणाले, "ताई, रोलवर उजेडच पडला नाही, तो कोरा आहे. पुन्हा वापरा." म्हणजे रोल वाचला होता, दिवस गेला होता.

म्हणून तुम्हाला सांगतो. पस्तीसचा रोल घातला की झाकण लावण्याआधी पट्टी एकदा ओढून बघा, भोकं दातऱ्यांत बसली का. झाकण लावल्यावर डावीकडचं गुंडाळायचं बटण हळूच फिरवून ताण घ्या. मग पट्टी ओढताना ते बटण आपोआप फिरायला हवं. फिरत नसेल तर फिल्म सरकत नाही. आणि रोल संपल्यावर तो डबीत परत गुंडाळल्याशिवाय झाकण उघडू नका, नाहीतर असलेलं सगळं जाईल.

आजींचा कॅमेरा मात्र त्या दिवशी चालला होता. दुपारी आम्ही एम्प्रेस गार्डनला गेलो होतो. इंग्रजांच्या काळात ही सोल्जर्स गार्डन होती, नंतर राणी व्हिक्टोरियाच्या नावाने एम्प्रेस गार्डन झाली. आजही ती अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी चालवते आणि जानेवारीत तिथे फुलांचं प्रदर्शन भरतं. मोठमोठी जुनी झाडं, जाड वेली, खाली गार सावली. आजींचा तो जुना फोटो याच बागेतला. यजमानांबरोबर त्या एकदाच पुणं बघायला आल्या होत्या. ते झाड कोणतं, ते काही सापडलं नाही. मग त्यांनीच एक वड पसंत केला आणि त्याखाली बसल्या.

झाडांचे फोटो काढताना एक लक्षात आलं. भर दुपारी पानांतून पडणारे उन्हाचे ठिपके चेहऱ्यावर आले की चेहरा चट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. माणसाला पूर्ण सावलीत घ्या, नाहीतर सकाळी किंवा चारनंतर जा. आणि क्लिकसारख्या साध्या कॅमेऱ्याने फार जवळून काढू नका, आठ-दहा फूट तरी अंतर हवं.

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा चर्चला गेलो. या वेळी बाराजणी नाही, सात. ज्यांना येता आलं नाही त्यांचे फोटो कोणी काढायचे, ते बैठकीत ठरवलं. एक वहीही केली, आपली गटाची असते तशीच. अनुक्रमांक, तारीख, ठिकाण, ऊन की सावली, भोक किती, वेग किती, कोणी काढला. रोल धुऊन आल्यावर ही वही कामाला आली. छत्तीसपैकी तेवीस चांगले आले. चर्चच्या आतले पाच हलले होते आणि चार फार काळे होते. बाहेरच्या चारांमध्ये तिरपेपणा होता. कोणाचं काय चुकलं, ते वहीत लिहिलेलं होतं, त्यामुळे वाद झाला नाही.

आता कोणी विचारेल, मोबाईल हातात असताना हा खटाटोप कशाला? प्रश्न बरोबर आहे. रोजच्या कामाला मोबाईलच बरा आणि फुकटही. पण मोबाईलमध्ये हजार फोटो असतात आणि तो पाण्यात पडला की एकही नसतो. आजींचा डबा कोणत्याही पासवर्डशिवाय इतक्या वर्षांनी उघडला आणि खिडकीच्या उजेडात चेहरा दिसला. दुसरं म्हणजे, तीनच फोटो मिळणार म्हटल्यावर आमची प्रत्येक बाई आधी नीट बघायला शिकली. एक काकू त्या कमानीसमोर दहा मिनिटं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "लग्नानंतर मी एकाच ठिकाणी इतका वेळ नुसतं बघत उभी राहिले नव्हते."

तिसरं कारण होमाई व्यारावाला यांचं. १९१३ साली जन्मलेल्या होमाईबाई मुंबईत शिकल्या आणि भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो छापून यायचे ते त्यांच्या पतीच्या नावाने. साडी नेसून, जड कॅमेरा खांद्यावर घेऊन त्यांनी देशाच्या स्वातंत्र्याचे दिवस टिपले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. आपल्या घरातही बघा, कॅमेरा बहुतेक पुरुषांच्या हातात असायचा. बाई समोर तरी असायची, नाहीतर सगळ्यांना चहा करत आत असायची.

आता तुमच्यासाठी काम. घरातली ट्रंक, माळा, देव्हाऱ्यामागचा कप्पा बघा. निगेटिव्ह सापडल्या तर फेकू नका. त्या कडेनेच धरा, मध्ये बोट लावू नका. ओल्या कापडाने पुसू नका. मऊ ब्रशने धूळ झाडा आणि प्रत्येक पट्टी वेगळ्या कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवेने फिल्मवर आणि भिंगावर बुरशी धरते. म्हणून नव्या चपलांच्या खोक्यात किंवा औषधाच्या डबीत ओल शोषणाऱ्या पुड्या येतात, त्या डब्यात टाका.

चित्र कोणाचं आहे ते बघायला दुकानात जायची गरज नाही. एका मोबाईलवर पूर्ण पांढरा पडदा लावा, त्यावर पांढरा पातळ कागद आणि त्यावर निगेटिव्ह ठेवा. दुसऱ्या मोबाईलने त्याचा फोटो काढा आणि फोटो सुधारायच्या अॅपमध्ये रंग उलटे करा. चेहरा समोर येईल. चांगला वाटला तर मग दुकानातून स्कॅन करून छापा.

आणि छापलात की मागे पेन्सिलीने लिहा. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ असं नाही. तिचं नाव लिहा, गाव लिहा आणि माहीत असेल तर साल लिहा.

आजींचा जुना फोटो छापून आला तेव्हा त्या कितीतरी वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ही साडी मला आठवते. माहेरची होती." दोन फोटो आता त्यांच्या घरात शेजारी शेजारी आहेत. एकात वडाखाली बसलेल्या आजी, एकात त्या वयाने आमच्याहून लहान. दोन्हींच्या मागे त्यांनी स्वतःच्या हाताने आपलं नाव लिहिलंय. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकलेलं, अक्षर जरा वाकडं, पण पूर्ण.

भंगारवाला पुढच्या महिन्यात पुन्हा आला होता. आजींनी त्याला डबा दाखवला आणि सांगितलं, हा विकायचा नाही. तुमच्याकडेही असा डबा असेल, तर भंगारवाला येण्याआधी तो एकदा उघडून बघा.